नाताळच्या गर्दीआधी मांडवीत शिडाची होडी: बेळगावहून जाणाऱ्यांसाठी

बेळगावातून गोव्याला निघायची तारीख सहसा शाळेची सुट्टी ठरवते. शिडाच्या होडीतून फिरायचं असेल तर ती तिथीवर सोडा. गाडी कधीही निघते. होडीला मात्र वारा आणि पाणी दोन्ही एकाच बाजूने लागतात, आणि त्यांचा मेळ महिन्यातून दोनदा, चार-चार दिवसच नीट बसतो. ते दिवस घरातल्या कालनिर्णयवरून काढता येतात.

आपल्याला सगळ्यात सोपं पाणी मांडवीचं. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई गोव्यात उतरली की मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. २०१६ च्या कायद्याने देशातल्या १११ नद्या-खाड्यांना राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जा मिळाला, त्यात मांडवी ६८ क्रमांकाची. पणजीपासून आग्वादच्या टोकापर्यंतचा पाच-सहा किलोमीटरचा पट्टा पहिल्यांदा जाणाऱ्यांना पुरेसा आहे. उघडा समुद्र त्यापुढे सुरू होतो, आणि त्याचं काम वेगळं आहे.

आधी तारीख

१ ते २० डिसेंबर हा काळ धरा. वीस तारखेनंतर गोव्यात खोल्यांचे भाव चढतात, नदीत पर्यटकांच्या बोटी वाढतात आणि चांगला तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, मोकळा मिळत नाही. अलीकडच्या टोकाला ३ डिसेंबर टाळा. त्या दिवशी जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं आणि पणजीच्या आसपासचे रस्ते भरून जातात. इकडे बेळगावात डिसेंबरमध्ये सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की शहरातून बाहेर पडायलाच वेळ जातो, तेव्हा तेही बघून घ्या.

आता तिथी. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पक्ष शुद्ध असो की वद्य. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी पूर्ण ओहोटी. म्हणजे षष्ठीला सकाळी सव्वादहाच्या सुमारास पाणी पुरतं ओसरलेलं असतं, आणि मग संध्याकाळपर्यंत भरत राहतं.

पंचमी ते अष्टमी हेच दिवस का, ते वाऱ्याशी जुळवून पाहिलं की कळतं. हिवाळ्यात किनाऱ्यावर रात्रीपासून सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. मग तास-दोन तास सगळं निपचित. दुपारी बाराच्या पुढे खारा वारा सुरू होतो, वायव्येकडून, आणि तीन-चारला जोरात असतो. मांडवी पश्चिमेला वाहते. तेव्हा सकाळी सातला पणजीहून निघालात तर मतलई पाठीशी आणि ओहोटीचं पाणीही आग्वादकडेच ओढतंय. दुपारी परतताना खारा वारा पाठीशी आणि भरती पणजीकडे ढकलतेय. येताजाता दोन्ही आपल्या बाजूने.

पौर्णिमा-अमावास्येला हेच उलटं होतं. भरती अकरा-साडेअकराला पूर्ण होते, म्हणजे सकाळी पाणी तोंडावर येतं. दुपारी ओहोटी बाहेर धावते आणि खारा वारा आत येतो. या दोघांची टक्कर नदीच्या मुखाशी होते आणि तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात, पोटातलं सगळं वर आणणाऱ्या. शिवाय ते दिवस उधाणाचे, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मवाळ. चंपाषष्ठी डिसेंबरात येत असेल त्या वर्षी तर मुहूर्त शोधायलाच नको. फक्त घरात कुणाचा उपास असेल तर होडीत रिकाम्या पोटी बसू देऊ नका. मार्गशीर्षातला गुरुवार आला तर मासे परतल्यावर शुक्रवारी.

पाऊणपटीचा हिशोब दिवस निवडायला उत्तम, पण त्यावर घड्याळ लावू नका. निघण्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगाव बंदराची वेळ बघा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे असू शकतो.

मग होडी आणि तांडेल

शिडाच्या होड्या ढोबळमानाने दोन जातीच्या. लहान डिंगी, जी उलटू शकते आणि जिच्यात शिकाऊ माणूस भिजणारच. आणि पोटाखाली जड कणा असलेली वीस-पंचवीस फुटी होडी, जी कलते पण सहजी उलटत नाही. आई-वडील, मुलं बरोबर असतील तर दुसरीच घ्या, आणि तांडेलासकट. नुसती होडी भाड्याने घेऊन स्वतः हाकायचा विचार शिकल्याशिवाय करू नका.

फोनवर विचारायच्या गोष्टी थोड्याच. होडीला नोंदणी क्रमांक आहे का? बंद पडलेल्या वाऱ्यात परतायला इंजिन आहे का? किनाऱ्याशी आणि इतर बोटींशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ आहे का? मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का? या चौथ्या प्रश्नाला ‘होईल हो काहीतरी’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा. दरात शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस करण्यापेक्षा इथे अडून बसा.

दिवर, चोडणच्या बाजूला, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला जायची हौस असेल तर पणजीचे पूल मध्ये येतात. डोलकाठी खालून जाते का ते तांडेलाला विचारा. भरतीला पाणी जितकं चढतं तितकी पुलाखालची जागा कमी होते, हेही लक्षात असू द्या. पुढे कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत, त्या बाजूला पाण्यात पाय सोडून बसू नये.

आदल्या दिवशी

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी करत पणजी. तीन-साडेतीन तास धरा. पहाटे बेळगावातून निघून सातला होडी गाठू, हा बेत कागदावरच बरा. आदल्या दुपारी निघा आणि पणजीत मुक्काम करा. घाटात ज्यांना लागतं त्यांना होडीतही लागण्याची शक्यता असते. त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून आणि निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा पाण्यातच जाते.

बेळगावच्या थंडीतून निघताना स्वेटर सगळेच घेतात, टोपी कुणीच घेत नाही. पाण्यावर ऊन वरूनही लागतं आणि खालूनही. लांब बाह्यांचा सुती सदरा, दोरी बांधलेली टोपी, मऊ तळव्याचे बूट, माणशी दोन लिटर पाणी. डबा कोरडा: दशम्या, चटणी, केळी. कुंदा न्या, पण तो तांडेलासाठी.

संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि इन्कॉईस या सरकारी सागर-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज वाचा. डिसेंबर शांत असतो हे खरं, पण अरबी समुद्रातल्या वादळांचा हंगाम पुरता संपलेला नसतो. २०१७ मध्ये ओखी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात या किनाऱ्यावरून वर सरकलं होतं. इशारा असेल तर बेत रद्द, त्यावर चर्चा नको.

पाण्यावर

लाइफ जॅकेट धक्क्यावरच चढवा. पट्टे आवळून झाल्यावर दुसऱ्याला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे किंवा मोठं आहे. पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांच्या बाबतीत मांड्यांमधला पट्टा लावलाच पाहिजे.

पणजी सोडताना कॅसिनोच्या बोटी, त्यांच्या ये-जा करणाऱ्या लाँच, बेतीची फेरीबोट आणि एखादी बार्ज म्हणजे मालवाहू बोट, एवढी वर्दळ असते. शिडाच्या होडीला इंजिनवाल्यांनी वाट द्यावी हा नियम आहे, पण अरुंद खोल पट्ट्यात उलटं आहे. ज्या बार्जला त्या पट्ट्याबाहेर जाताच येत नाही तिच्या आडवं शिडाच्या होडीने जायचं नसतं.

वेरें, रेइश मागूशचा किल्ला उजवीकडे येतो तोवर हातात दोर घ्यायला तांडेलाकडे मागा. शिडाचा दोर सावकाश सैल सोडत जा. शिडाची पुढची कड फडफडू लागेल. आता ओढा, फडफड थांबेपर्यंतच, जास्त नाही. वारा पाठीमागून असला तर ही खूण चालत नाही, तेव्हा शीड जवळजवळ आडवं सोडलेलं असतं. दोर हाताला कधीही गुंडाळू नका. झुळूक आली की हात सोडवायला वेळ मिळत नाही. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. दहा मिनिटांत हाताला सवय होते, डोक्याला लागत नाही.

वारा पाठीशी असताना एकच मोठा धोका: शिडाखालचं आडवं लाकूड एकाएकी एका बाजूकडून दुसरीकडे झपाट्याने येतं. तांडेल ओरडला की आधी मान खाली, मग ‘काय झालं’ विचारा.

आग्वादच्या आतल्या बाजूला, नेरूळच्या मुखाजवळ ओहोटी संपत आली की नांगर टाका आणि जेवून घ्या. तिथे वाळू सरकत असते, जागा तांडेलाने निवडावी. सरत्या ओहोटीला होडी वाळूला टेकली तर घाबरायचं नाही, येणारी भरती उचलते. भरतीच्या शेवटी टेकली असती तर पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे बारा-एक तास बसावं लागलं असतं. मुखावरच्या वाळूच्या बांधावर लाटा फुटताना दिसतील. त्याच्या पलीकडे जाण्याचा आग्रह कुणी धरला, विशेषतः मेहुण्याने, तर ऐकू नका.

साडेबारा-एकला पश्चिमेकडे पाणी गडद होताना दिसलं की खारा वारा आला. नांगर उचला. भरतीच्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी आत शिरतं, तेव्हा परतीची वाट लवकर सरते. लाटांच्या माथ्यावर सगळीकडे फेस दिसू लागला तर शीड आखूड करायला सांगा. तांडेल स्वतःहून करेलच, पण विचारायला लाजू नका.

फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात. समुद्रावरच्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, रेडिओवर चॅनेल १६.

चारच्या आत धक्क्याला लागाल. लगेच घाट चढायची घाई करू नका. दिवसभर ऊन-वारा खाल्लेल्या माणसाला स्टिअरिंगवर झोप येते आणि डिसेंबरात चोर्ल्याला रात्री धुकं उतरतं. आंघोळ करा, जेवा, झोपा. सकाळी आठला निघालात तर दुपारच्या जेवणाला टिळकवाडीत.