आधी हाताने, मग प्लगिनने

वेब सुरक्षेच्या अभ्यासाला मी दारव्हा तालुक्यातील आमच्या गावातूनच सुरुवात केली. नेटचा भरवसा नसल्यामुळे ‘ज्यूस शॉप’ हे सरावासाठी मुद्दाम कच्चे ठेवलेले अॅप लॅपटॉपवरच चालवले आणि ब्राउझर व अॅप यांच्यामध्ये मिटमप्रॉक्सी ही प्रॉक्सी, म्हणजे मधून जाणारी देवाणघेवाण पकडणारे साधन, बसवली. बर्प किंवा झॅप ही अशीच साधने घेतली तरी काम तेच असते: ब्राउझरची रिक्वेस्ट (अॅपकडे पाठवलेली मागणी) अडवायची, वाचायची, बदलायची आणि पुढे सोडायची.

पहिले दोन दिवस मला एकही रिक्वेस्ट दिसली नाही. फायरफॉक्स लोकलहोस्टकडे, म्हणजे त्याच लॅपटॉपवर चालणाऱ्या अॅपकडे, जाणाऱ्या रिक्वेस्ट प्रॉक्सीला वगळून थेट पाठवतो, हे मला ठाऊक नव्हते, ‘नेटवर्क.प्रॉक्सी.अलाऊ_हायजॅकिंग_लोकलहोस्ट’ ही सेटिंग ‘ट्रू’ केल्यावर अडचण दूर झाली. एचटीटीपीएससाठी, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीसाठी, प्रॉक्सीचे सर्टिफिकेटही (ब्राउझरने तिच्यावर विश्वास ठेवावा यासाठीचे ओळखपत्र) बसवावे लागते. ते वेगळ्या प्रोफाइलमध्येच बसवावे. ज्या ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार करता, त्यात मुळीच नको. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या साइटवर हात चालवू नये, कारण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ आणि ६६ नेमके त्यासाठीच आहेत.

प्लगिनच्या, म्हणजे प्रॉक्सीला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या, मागे मात्र लगेच लागू नका. कापसाच्या वजनाची पावती नोंदवणारे एक छोटे अॅप मी सरावासाठी नोडमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) लिहिले होते, ज्यात ब्राउझर प्रत्येक रिक्वेस्टवर एचमॅकची सही, म्हणजे मजकूर आणि गुप्त किल्ली यांवरून काढलेली खूण, करत असे. वजन १२ चे २१ क्विंटल केले की सही जुळत नसे, म्हणून जावास्क्रिप्टमध्येच सापडणारी किल्ली वापरून मी दर वेळी नवी सही हाताने काढत असे. पंधरा-वीस वेळा हे केल्यावर प्लगिनने नेमके काय करायला हवे, ते मला स्पष्ट झाले.

प्लगिन लिहिणे सोपे असते: पायथॉनच्या एका फाइलमध्ये ‘रिक्वेस्ट’ नावाचे फंक्शन लिहिले की मिटमप्रॉक्सी ते प्रत्येक रिक्वेस्टसाठी चालवते. सही काढण्याचे काम मी त्यात लिहिले, तरीही माझी सही चुकतच होती. दोन्ही बाजूंचा मजकूर छापून एकाखाली एक ठेवला, तेव्हा कारण दिसले: पायथॉन जेसन (माहिती मजकुराच्या रूपात मांडण्याची पद्धत) लिहिताना स्वल्पविराम आणि अपूर्णविरामानंतर मोकळी जागा सोडतो आणि शेतकऱ्याच्या देवनागरी नावाचे सांकेतिक आकडे करतो, नोड यांपैकी काहीच करत नाही. मोकळ्या जागा काढल्या, देवनागरी अक्षरे तशीच राहावीत म्हणून ‘एन्शुअर_आस्की’ ‘फॉल्स’ केले, आणि सर्व्हरने २१ क्विंटल नोंदवून घेतले.

खरा दोष इथेच सापडला. ब्राउझरमध्ये तयार होणाऱ्या सहीवर सर्व्हर विसंबून होता. वजन त्याने काट्याच्या नोंदीतून स्वतः घ्यायला हवे होते.