वाहत्या पाण्यात हायड्रोफोन रोवू नका

नदीच्या प्रवाहावर चालणाऱ्या टर्बाइनचा पाण्याखालचा आवाज मोजायचं काम तुमच्या वाट्याला आलं असेल, तर तुम्ही बहुधा मेकॅनिकलचे किंवा सिव्हिलचे आहात आणि ध्वनिशास्त्र तुम्हाला कुणी धड शिकवलेलं नाही. माझंही तसंच होतं. सांगलीत कृष्णेकाठी वाढलो, डिग्री मेकॅनिकलची, आणि मास्टर्सच्या दुसऱ्या सत्रात उत्तर अमेरिकेतल्या एका गार नदीच्या काठावर हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, हातात घेऊन उभा राहिलो. एफएफटी (आवाजातल्या वारंवारिता सुट्या करणारं गणित), सॅम्पलिंग रेट, कॅलिब्रेशन हे तुम्हाला येतं असं धरतो. पाण्यातले डेसिबल १ मायक्रोपास्कलवर बेतलेले आणि हवेतले २० वर, म्हणून दोन्हींची थेट तुलना करायची नसते, हेही वाचलं असेलच. मला सांगायचंय ते ज्यात माझे तीन महिने गेले ते.

मी हायड्रोफोन एका लोखंडी पाइपला घट्ट आवळला आणि पाइप टर्बाइनच्या खालच्या अंगाला तळात रोवला. प्रवाह सेकंदाला दोन मीटरच्या आसपास. ग्राफ आला तो बघून माझा जीव हरखला. २० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात प्रचंड आवाज. पाणी वाढलं की आवाज वाढायचा, टर्बाइनचे फेरेही वाढायचे, दोन्ही रेषा हातात हात घालून वर जायच्या. याहून स्पष्ट पुरावा काय हवा? मी तीस पानांचा अहवाल लिहिला. मार्गदर्शकांनी व्याकरण तपासून परत दिला.

मग एके दिवशी टर्बाइनमध्ये वाहून आलेला ओंडका अडकला आणि ब्रेक लावावा लागला. रेकॉर्डर मात्र चालूच राहिला होता. रात्री ती फाइल उघडली. टर्बाइन उभं होतं आणि आवाज जसाच्या तसा होता.

हे समजायला सिंहगडावर जा. वारं सुटलेलं असताना फोनवर कुणाचा व्हिडिओ काढा आणि घरी येऊन ऐका. घुर्रर्र असा आवाज येतो, बोलणं बुडून जातं. तिथे उभ्या असलेल्या कुणालाही तो घुरघुराट तसा ऐकू आलेला नसतो, कारण तो गडावर नव्हताच. वारा माइकच्या तोंडावर आदळत होता आणि माइक त्यालाच आवाज समजत होता. नदीत अगदी हेच घडतं. प्रवाहातले भोवरे हायड्रोफोनवरून जातात आणि प्रत्येक भोवरा आपल्यासोबत दाबाचा चढउतार आणतो. तो दाब खरा असतो, पण तो ध्वनी नसतो. ध्वनी पाण्यात सेकंदाला साधारण १४५० मीटरने जातो. हे भोवरे प्रवाहाच्याच वेगाने, म्हणजे दोन मीटरने सरकतात. यंत्राला हा फरक कळत नाही, तो आपल्यालाच कळावा लागतो. आणि प्रवाह वाढला की हा खोटा आवाजही वाढतो. त्यामुळे टर्बाइनच्या फेऱ्यांशी त्याचा मेळ इतका सुरेख बसतो की भलाभला फसतो. माझ्या दोन्ही रेषा हातात हात घालून जात होत्या, कारण दोघींचा जन्मदाता प्रवाहच होता.

इथे कुणीतरी तुम्हाला जवळची वाट दाखवील: ‘अरे, हाय-पास फिल्टर मार, २०० हर्ट्झच्या खालचं सगळं उडव.’ कृपा करून हे करू नका. हे काम आपण करतो ते माशांसाठी, आणि मासे नेमके तिथेच ऐकतात. १९७८ साली हॉकिन्स आणि जॉनस्टन यांनी अटलांटिक सॅमनवर प्रयोग केले, त्यांत मासे ३८० हर्ट्झच्या खालच्याच सुरांना प्रतिसाद देत होते. (शिवाय दाबापेक्षा पाण्याच्या कणांच्या हालचालीला. हायड्रोफोन फक्त दाब मोजतो, हे अहवालात स्पष्ट लिहा.) म्हणजे खोटा आवाज जिथे सगळ्यात मोठा, तिथेच माशाचा कान. तो पट्टा कापून टाकल्यावर ग्राफ स्वच्छ दिसतो आणि ज्या प्रश्नासाठी नदीवर गेलो तो प्रश्नच त्यात उरत नाही. त्याच्या बऱ्याच वरच्या वारंवारितांसाठी रोवलेला हायड्रोफोन चालतो, पण खालच्यांसाठी नाही.

उपाय साधा आहे: हायड्रोफोनला पाण्याबरोबर जाऊ द्या. तो प्रवाहाच्याच वेगाने वाहू लागला की त्याच्यावर आदळायला पाणी उरत नाही. अलास्कात इगियुगिग नावाचं चिमुकलं गाव आहे, इलियाम्ना सरोवरातून क्वीजॅक नदी निघते तिथे. गावाची वीज तेव्हा डिझेलवर, आणि नदी ब्रिस्टल उपसागरातून वर येणाऱ्या लाखो सॉकआय सॅमनची वाट. २०१४ साली तिथे रिव्हजेन टर्बाइन पाण्यात उतरलं, तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मंडळींनी असेच वाहते हायड्रोफोन सोडून मोजणी केली. हे सगळं छापलेलं होतं. मी ते पाइप रोवायच्या आधी वाचायला हवं होतं. तुम्ही वाचा.

आता वाहत्या मोजणीचे स्वतःचे त्रास. हायड्रोफोन ज्याच्याखाली टांगलेला असतो तो तरंगा लाटेवर १० सेंटीमीटर वर-खाली झाला, तर हायड्रोफोनवरचा दाब जवळपास १००० पास्कलने बदलतो. डेसिबलमध्ये मांडा: १८० च्या घरात! टर्बाइन बिचारं याच्या जवळपासही नाही. हा बदल फार सावकाश होतो म्हणून वारंवारितेत वेगळा पडतो, पण त्याने रेकॉर्डरची मोजायची मर्यादाच ओलांडली तर मागचं काहीच हाती लागत नाही. म्हणून तरंगा बारीक आणि उभट घ्या आणि मध्ये रबरी दोरी बांधा, धक्का ती गिळते. ताणलेली दोरी प्रवाहात तंबोऱ्याच्या तारेसारखी वाजते, तेव्हा ती सैल असू द्या. हायड्रोफोन टर्बाइनच्या पात्यांच्या किती वरून जाणार याचं गणित आदल्या रात्री करा आणि दोरी मनगटाला गुंडाळू नका. कधीच नाही. पाणी थंड असतं आणि पाती थांबायला वेळ लागतो.

घड्याळांचं सांगतो. रेकॉर्डरचं घड्याळ आणि जीपीएसचं घड्याळ यांत दहा सेकंदांचा फरक असेल, तर दोन मीटरच्या प्रवाहात तुमची जागा वीस मीटर चुकते. टर्बाइनच्या जवळचा जो काळ हवा असतो, तोच मुळी दहा-वीस सेकंदांचा. रोज सकाळी जीपीएसच्या पडद्यावर सेकंदाचा आकडा बदलताना बघून हायड्रोफोनवर बोटाने तीन टिचक्या मारा आणि वेळ वहीत लिहा. संध्याकाळीही तेच करा.

उथळ नदीत अगदी खालचे सूर लांब जातच नाहीत. पाच मीटर खोलीला तळ कितीही टणक धरला तरी सुमारे ७० हर्ट्झच्या खालचा ध्वनी जागीच मावळतो, तळ मऊ असेल तर ही सीमा आणखी वर सरकते. तेव्हा शंभर मीटरवर तुम्हाला २० हर्ट्झला डोंगराएवढा आवाज दिसला, तर आधी स्वतःच्या मांडणीवर संशय घ्या. दोन हायड्रोफोन मीटरभर अंतरावर टांगले की याचा निकालच लागतो: खालच्या पट्टीतला खरा ध्वनी दोघांना एकसारखा ऐकू येतो, भोवऱ्यांचा घुरघुराट प्रत्येकाचा वेगळा असतो. आणि टर्बाइन ब्रेकवर असतानाची मोजणी, त्याच दिवशी, त्याच प्रवाहात, केल्याशिवाय घरी जाऊ नका. माझ्याकडे ती ओंडक्याच्या कृपेने आली.

मार्गदर्शकांविषयी माझं मत थोडं कडक आहे. जे स्वतः कधी होडीत बसलेले नाहीत, त्यांना प्रकरणं दाखवा, गणित दाखवा, पण मोजणी कशी करायची हे त्यांना विचारू नका. मला खरं शिकवलं ते होडी चालवणाऱ्या साठीच्या गृहस्थांनी. मी मनात त्यांना काकाच म्हणायचो. त्यांना एफएफटी माहीत नव्हतं, पण माझा पाइप बघून पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘हा नळ वाजेल.’ मी हसून मान डोलावली होती आणि काम चालू ठेवलं होतं.

दुसरं मत: तयार स्क्रिप्टला हात लावण्याआधी निदान एक मिनिटाची फाइल स्वतः सोडवा. व्होल्टपासून हायड्रोफोनच्या संवेदनशीलतेपर्यंत, तिथून पास्कल, तिथून डेसिबल. आणि त्याच्याही आधी हेडफोन लावून ऐका. मी तीन महिने फक्त चित्रं बघितली. ऐकलं असतं तर लगेच कळलं असतं, कारण त्या घुरघुराटात फिरण्याची लय कुठेच नव्हती.

तुमचंही पहिलं काम वाया गेलं असेल तर घाबरू नका, फाइली पुसूही नका. माझ्या त्या रोवलेल्या हायड्रोफोनच्या नोंदी पुढे प्रबंधात एक अख्खं प्रकरण झाल्या: खोटा आवाज किती असतो याचं मोजमाप म्हणून. पदवी सहा महिने लांबली, घरी फोनवर आईला कारण समजावून सांगताना घसा दाटून यायचा, पण काम खरं झालं.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही वाहती मोजणी सुरू केली. काकांनी इंजिन बंद केलं, खोली दाखवणारं यंत्रही बंद केलं, कारण त्याची टिकटिक रेकॉर्डिंगमध्ये उतरते. होडी आणि तरंगा शेजारी शेजारी वाहू लागले. हेडफोनमध्ये आधी काहीच नाही, मग तळाच्या गोट्यांची बारीक किटकिट, कुणी चाळणीत तांदूळ हलवावेत तशी. तीसेक मीटरवर एक बारीक सूर सुरू झाला, प्रत्येक फेऱ्याला फुगत, ओसरत. तो वाढला, आमच्या खालून गेला आणि मागे विरून गेला. मी काही बोललो नाही. काकांनी इंजिनच्या दोरीला हात घातला आणि एवढंच विचारलं, ‘पुन्हा?’

त्या दिवशी आम्ही एकेचाळीस फेऱ्या केल्या. त्यांतल्या सव्वीस वापरता आल्या.