मोठ्या बंगल्याचा वीजभार: अर्ज भरण्याआधीची तयारी

स्लॅबमध्ये पाइप टाकायला वायरमन येण्याआधी लोडचा कागद तयार हवा. नकाशावर दिवे-पंख्यांचे ठिपके भरपूर असतात, पण भार ठरतो तो गिझर, एसी, स्वयंपाकघर, पंप, लिफ्ट आणि आता गाडीच्या चार्जरवर. पुणे-नाशिककडचा चार बेडरूमचा बंगला धरू. दीड टनाचे सहा एसी मिळून 9.6 किलोवॅट, 2 किलोवॅटचे पाच गिझर म्हणजे 10, इंडक्शन-ओव्हन-मायक्रोवेव्ह 6, बोअरचा 3 एचपी पंप 3, लिफ्ट 3, हीटरवालं वॉशिंग मशीन 2, चार्जर 7.4 आणि दिवे, पंखे, फ्रिज, प्लग मिळून 4. बेरीज 45 किलोवॅट.

हा आकडा बघून घाबरू नका आणि तोच महावितरणच्या वीजजोडणीच्या अर्जात टाकूही नका. आता घड्याळ समोर ठेवून दोन याद्या करा. डिसेंबरच्या सकाळी सातला तीन गिझर, स्वयंपाकघरातले 4, पंप, मशीन, लिफ्ट आणि किरकोळ 2 एकत्र चालले तरी 20. मेच्या रात्री पाच एसी, गाडी आणि इतर मिळून 18. म्हणजे 20 किलोवॅट पुरे, अर्थातच थ्री फेज, म्हणजे तीन फेज तारांतून येणारी जोडणी. सिंगल फेज जोडणी 40 अँपिअरलाच संपते. घरगुती थ्री फेजला 10 किलोवॅटच्या वर प्रत्येक 10 किलोवॅटमागे, आणि त्याच्या तुकड्यामागेही, जादा स्थिर आकार लागतो. 20 ला एक पायरी, 45 ला चार, आणि ते दर महिन्याला. वायरिंगच्या टेस्ट रिपोर्टमध्ये मात्र जोडलेला भार, म्हणजे सगळ्या वस्तूंची बेरीज, लिहिली जाते, त्यामुळे मागितलेला आकडा त्याहून कमी असेल तर महावितरणच्या उपविभागात अभियंत्याशी आधीच बोलून घ्यावं.

खरी गोची फेजवर होते. 20 किलोवॅट तीन फेजवर सारखे वाटले तर दर फेजला सुमारे 31 अँपिअर, म्हणून कोणी 40 अँपिअरचा मेन स्विच सुचवतं. पण 7.4 किलोवॅटचा चार्जर एकाच फेजवर 32 अँपिअर ओढतो. त्याच फेजवर दोन एसी असले की 46 होतात आणि रात्री दोनला मेन पडून घर अंधारात. थ्री फेज चार्जर घेऊन हे सुटेलच असं नाही. गाडीतला चार्जर सिंगल फेजचा असेल तर ती एकाच फेजवर चार्ज होणार. तेव्हा वेळा न जुळणाऱ्या वस्तू एका फेजवर आणा. गाडी रात्रीची, म्हणून तिच्यासोबत सकाळचे दोन गिझर आणि वॉशिंग मशीन. एसी दुसऱ्या दोन फेजवर तीन-तीन, स्वयंपाकघर त्यांतल्या एकावर. हे वाटप डीबीच्या (वितरण पेटीच्या) झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा, नाहीतर दोन वर्षांनी नवा गिझर रिकाम्या दिसणाऱ्या एमसीबीला (जादा भाराने आपोआप पडणाऱ्या स्विचला) जोडला जातो. मेन 63 अँपिअरचा, फोर पोल, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) एकत्र तोडणारा.

केबलीत काटकसर करू नये. मीटर कंपाउंडच्या भिंतीत आणि घर 50 मीटर आत असेल तर 16 चौरस मिमी अॅल्युमिनियममध्ये एकट्या गाडीने 8 व्होल्टच्या आसपास वाटेतच कमी होतात, 25 मध्ये 5. गावाकडे संध्याकाळी मुळातच 205-210 व्होल्ट येत असतील तर हा फरक एसीला जाणवतो. म्हणून 25 चौरस मिमी, आर्मर्ड (पोलादी कवचाची), पूर्ण चार कोर, म्हणजे आतल्या चारही तारा सारख्या जाडीच्या. दुकानदार साडेतीन कोर दाखवेल. त्यात न्यूट्रल 16 चा असतो. कारखान्यातल्या मोटरींना ते चालतं, घरात जवळजवळ सगळा भार सिंगल फेज असल्याने न्यूट्रलवर खरोखर करंट वाहतो. आणि थ्री फेज घरात सगळ्यात महाग पडतो तो सुटलेला न्यूट्रल. तो निघाला की कमी भार असलेल्या फेजवर 300 च्या वर व्होल्ट चढतात आणि टीव्ही, फ्रिज, राउटर एकदम जातात. कारण बहुधा एकच: अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या टर्मिनलमध्ये तशीच खुपसलेली. बायमेटॅलिक लग (दोन धातूंचं जोडटोक) नीट दाबून क्रिम्प करून लावा, वर्षाने स्क्रू पुन्हा आवळा, मेननंतर जादा-कमी व्होल्टेजला तोडणारं उपकरण बसवा.

जोत्याचं काम चालू असतानाच केबलीसाठी 100 मिमीचा पाइप आत घ्या. बाहेर केबल 75 सेंटिमीटर खोल, खाली-वर वाळू, त्यावर विटा. एसी आणि गिझरला 4 चौरस मिमी तांबं, चार्जरला 6 आणि स्वतःचा 30 मिलीअँपिअर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). सगळ्या घराला एकच आरसीसीबी लावला तर करंट गळणाऱ्या एका गिझरपायी फ्रिजही बंद पडतो. प्रत्येक मजल्याला वेगळा द्या. अर्थिंगचे खड्डे दोन, आणि त्यांचा रोध ओहममध्ये मोजायचा तो मे महिन्यात. काळ्या पाषाणावर पावसाळ्यात छान आलेला आकडा उन्हाळ्यात कित्येक पट होतो.

नव्या जोडणीच्या ए-1 अर्जासोबत मालकीचा पुरावा आणि ओळखपत्र लागतं. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट वायरिंग पुरं झाल्यावर. छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर तो भार ठरवतानाच बोला, कारण मंजूर भाराचा आकडा तिथे पुन्हा तपासला जातो. राहायला गेल्यावर पहिल्या थंडीत सकाळी सातला क्लॅम्प मीटरने (तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजा. एखादा फेज दुसऱ्याच्या दुप्पट दिसला तर एक गिझर हलवायला वायरमनला अर्धा तास लागतो.