ऊसतोडीला निघण्याआधी: रेशन, पोरांची शाळा, बाळंतपण

दसरा उरकला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, केज भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर भरून निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी सोलापूर-अहिल्यानगरला, कोणी थेट कर्नाटकात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने घर कोपीत, फडाजवळच्या झोपडीत. या घराला मिळणारी प्रत्येक सोय मात्र गावात नोंदलेली असते: रेशन दुकानात, शाळेत, अंगणवाडीत, आशाताईच्या वहीत. गाव सुटलं की ती आपोआप मागे येत नाही, कागद करून सोबत न्यावी लागते. हे काम गाडी भरायच्या रात्री होत नाही. भाद्रपद-आश्विनात करायचं. वाडीवर ज्याला वाचता येतं त्याने आपल्याबरोबर शेजारच्या दोन-चार कोयत्यांचंही (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात) करून द्यावं.

आधी रेशन. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो धान्य आहे. 'एक देश एक रेशन कार्ड' असल्यामुळे ते कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारमान्य दुकानात, कर्नाटकातसुद्धा, उचलता येतं. त्यासाठी कार्डाचा बारा अंकी नंबर किंवा कार्डातल्या एकाचा आधार नंबर आणि त्याचा अंगठा लागतो. गावातल्या दुकानदाराकडून दोन गोष्टी आत्ताच तपासून घ्या: कार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालंय का, आणि सुनेचं, लहान लेकराचं नाव चढलंय का. नाव नसेल तर तिकडे गेल्यावर काही करता येत नाही.

अडतं ते अंगठ्यावर. कोयता आणि पाचटाने बोटांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही, आणि माणूस रिकाम्या पिशवीने कोपीवर येतो. म्हणून निघण्याआधी आधार केंद्रावर बोटांचे ठसे नवे करून घ्या, मोबाईल नंबर आधारला जोडा. दुकानात दहाही बोटं लावून बघा. मशीनला अंगठ्याऐवजी डोळ्यांवरून ओळख पटवायची सोय असेल तर तसं सांगा.

दुसरी चूक घरीच होते. म्हातारी माणसं मागे राहतात आणि दुकानदार त्यांच्या अंगठ्यावर सगळ्या कार्डाचं धान्य वाटून टाकतो. सहा माणसांच्या प्राधान्य कार्डावर ३० किलो येतं. मागे दोघं राहणार असतील तर गावात १० किलोच कापायला सांगा, उरलेलं २० किलो तुम्ही तिकडे उचला. पावती दर वेळी मागा. तिकडचा दुकानदार 'आमच्याकडे बाहेरच्यांचा माल नाही' म्हणाला तर वाद घालत बसू नका. १९६७ किंवा १४४४५ वर फोन लावा, नाहीतर त्या तालुक्याच्या तहसीलमध्ये पुरवठा विभागात जा. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर माल शिल्लक असण्याची शक्यता जास्त.

शाळेचं ठरवताना आमचं मत स्पष्ट आहे: घरात आजी किंवा चुलती सांभाळणारी असेल तर पोरं गावातच ठेवावीत. फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात, मुलगी लहान भावंडं राखते, मुलगा मोळ्या बांधायला लागतो आणि वर्ष जातं. गावात ठेवायचं असेल तर शाळेतल्या हंगामी वसतिगृहाची मागणी करा. ते समग्र शिक्षा योजनेतून, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. स्थलांतर करणाऱ्या पालकांची आणि मुलांची यादी मुख्याध्यापकांकडे हवी. त्यावरून प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. यादी उशिरा गेली की मंजुरी येईपर्यंत अर्धा हंगाम संपलेला असतो, आणि तोवर पोरं आईबापाबरोबर गेलेली असतात. म्हणून सप्टेंबरमध्येच चार-पाच पालकांनी मिळून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

मोठ्या मुलामुलींसाठी समाजकल्याण विभागाची संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. २०२१ च्या निर्णयात ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ मंजूर झाली, प्रत्येकी १०० जागांची. पहिल्या टप्प्यात बीड, गेवराई, माजलगाव, परळी, केज, पाटोदा, अंबड, घनसावंगी, पाथर्डी आणि जामखेड हे तालुके होते. आपल्या तालुक्यात सुरू झालंय का, जागा किती उरल्यात, हे समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारा.

पोरं न्यावीच लागणार असतील तर शाळेचा दाखला काढू नका, मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. मुलाचं नाव गावच्या शाळेत राहतं आणि तिकडच्या शाळेत वर्गात बसता येतं. शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्यातही, दाखला नाही म्हणून, प्रवेश नाकारता येत नाही. कर्नाटकात मराठी शाळा जवळ असेलच असं नाही, तिकडे जाणाऱ्यांनी हा विचार आधी करावा.

गरोदर बाई जाणार असेल तर सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. आशाताई आणि अंगणवाडीताईला कारखान्याचं नाव, तालुका, परतायचा अंदाजे महिना आणि चालू मोबाईल नंबर द्या, म्हणजे स्थलांतराची नोंद होते आणि तिकडच्या अंगणवाडीत आहार मागता येतो. ती अंगणवाडी मात्र स्वतः शोधावी लागते. टोळी उतरली की पहिल्याच आठवड्यात एकीने जाऊन सगळ्याजणींची नावं सांगावीत. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा, त्याच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये. कार्ड नसलं तर तिकडच्या दवाखान्यात धनुर्वाताची सुई झाली का, रक्त किती होतं, काहीच कळत नाही. लोहाच्या १८० आणि कॅल्शियमच्या ३६० गोळ्या गरोदरपणात लागतात, तेव्हा उपकेंद्रातून शक्य तितक्या आधीच मागून घ्या. सातवा महिना लागलेल्या बाईने मोळी उचलू नये, शक्य असेल तर जाऊच नये. अंगावरून रक्त जाणं, हातापायांना सूज येऊन डोकं दुखणं, झटके येणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या) गाडीची वाट न बघता १०८ लावा. तान्ह्या बाळाच्या लशी सहा, दहा, चौदा आठवड्यांना आणि नऊ महिन्यांना असतात. त्या तारखा निघण्याआधी कॅलेंडरवर मांडून घ्या.

ओटीपोटात दुखतं, पांढरं जातं म्हणून गर्भाची पिशवी काढायचा सल्ला कोणी दिला तर लगेच होकार देऊ नका. अशा शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्याच्या समितीने चौकशी केली आणि बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. आधी जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. बऱ्याच तक्रारी औषधाने बऱ्या होतात. मोठ्या आजारात रेशन कार्ड आणि आधारवर महात्मा फुले जनआरोग्य योजना चालते, पण योजनेतल्या रुग्णालयातच. १५५३८८ वर नाव विचारून मगच भरती व्हा.

विम्याचं थोडक्यात: बँकेत जाऊन नवरा-बायको दोघांचाही पंतप्रधान सुरक्षा विमा काढा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. हप्ता मेअखेरीस खात्यातून कापतात. खात्यात तेवढेही नसले की विमा बंद पडतो आणि कोणी कळवत नाही. अपघात झाला तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका. फडात साप चावला तर आधी मांत्रिकाकडे जाऊ नका. सरकारी दवाखान्यात गेल्याने जीव वाचतो, आणि विम्यालाही तिथलीच नोंद लागते.

उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) किती घेतली, कोणत्या तारखेला, किती कोयत्यांवर, हे मुकादमाच्या सहीने वहीत लिहून घ्या, खेपेगणिक उसाच्या वजनकाट्याची पावती जपा. फिटलेली उचल शिल्लक दाखवून कोणी माणसं अडवून ठेवली तर ती वेठबिगारी आहे, १९७६ च्या कायद्याने गुन्हा. ११२ वर पोलीस येतात, १५१०० वर मोफत वकील मिळतो, बाईला तर उत्पन्नाची अट नाही. ग्रामपंचायतीतून ऊसतोड कामगार ओळखपत्रही काढून ठेवा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या कामांना ते लागतं.

परत आलात की पहिल्या आठवड्यात तिकडच्या लशींच्या नोंदी आशाताईच्या वहीत चढवा, शिक्षण हमी कार्ड शाळेत जमा करा आणि गावच्या रेशन दुकानात एकदा अंगठा लावून कार्ड चालू असल्याची खात्री करून घ्या.