बजीच्या पिल्लांचे रंग आधीच कसे ओळखायचे

कुणी बजीची, म्हणजे या छोट्या पाळीव पोपटांची, जोडी दाखवली की मी आधी नराच्या आई-बापाचे रंग विचारतो. जोडीचा रंग डोळ्यांना दिसतोच, पण पिल्लांचा रंग ठरतो तो न दिसणाऱ्या गोष्टींवर. हिरव्या नरात निळा दडलेला असू शकतो. अशा पक्ष्याला पाळणारे ‘स्प्लिट निळा’ म्हणतात.

ऑस्ट्रेलियातल्या रानटी थव्यांमधले बजी हिरवेच. त्यांच्या पिसात पिवळं रंगद्रव्य असतं, पिसाच्या बारीक रचनेमुळे निळा दिसतो, आणि तो निळा उठून यायला मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, लागतं. निळा आणि पिवळा मिळून हिरवा. पिवळं काढा, पक्षी निळा. मेलॅनिन काढा, हिरव्याचा पिवळा लुटिनो आणि निळ्याचा पांढरा अल्बिनो. एवढं डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न संपतात.

आता निळ्यापासून सुरुवात. निळा दबणारा, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. निळा × निळा, सगळी पिल्लं निळी, हिरवं कधीच नाही. हिरवा × निळा लावल्यावर एक जरी निळं पिल्लू निघालं तरी हिरवा पक्षी नक्की स्प्लिट. उलट मात्र खात्री इतकी पक्की नसते. स्प्लिट असूनही पाचही पिल्लं हिरवी निघण्याची शक्यता ३२ मध्ये १ उरतेच. स्प्लिट हिरवा × निळा यांची पिल्लं ‘अर्धी-अर्धी’ हिरवी आणि निळी असं म्हणतात, त्याचा अर्थ प्रत्येक अंड्यामागे अर्धी शक्यता. चार अंड्यांत दोन निळी निघालीच पाहिजेत असं नाही, आणि यावरून पक्षी विकणाऱ्याशी भांडू नये.

लुटिनो, ओपलाइन (डोक्या-पाठीवरच्या रेघा फिक्या) आणि सिनॅमन (काळ्याऐवजी तपकिरी खुणा) यांचा हिशोब वेगळा, आणि मला सर्वांत आवडतो तो हाच. यांची जनुकं झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतात. नराकडे दोन झेड, मादीकडे एकच, सोबत डब्ल्यू. त्यामुळे मादीत हे रंग लपू शकत नाहीत. असतील तर दिसतात, नसतील तर नाहीतच. ‘स्प्लिट लुटिनो मादी’ म्हणून कुणी जास्त भाव सांगितला तर हसून पुढे जा. मुलीला तिचा एकुलता झेड बापाकडून मिळतो, म्हणून लुटिनो नर × हिरवी मादी लावली की सगळ्या मुली लुटिनो आणि सगळी मुलं हिरवी, पण लुटिनोची स्प्लिट. जोडी उलटी लावली, म्हणजे हिरवा नर आणि लुटिनो मादी, तर सगळी हिरवी दिसतात (नर स्वतः स्प्लिट नसेल तर). मुलं तेवढी स्प्लिट.

पहिल्या जोडीत आणखी एक फायदा आहे. नुकतं निघालेलं पिल्लू हातावर घेऊन डोळ्यांकडे बघा. पापण्या मिटलेल्या असतात, पण कातडी इतकी पातळ की आतला रंग कळतो. साध्या पिल्लाचे डोळे काळे, लुटिनोचे लालसर. म्हणजे पीस फुटायच्या आधीच मादी कोणती हे समजलं. सिनॅमनचे डोळे जांभळट दिसतात, पण थोड्याच दिवसांत गडद होतात, म्हणून तिथे आळस करून चालत नाही.

डार्क फॅक्टर, म्हणजे रंग गडद करणारं जनुक, मोजायचा असतो. एकही नाही तर स्काय ब्लू, एक असेल तर कोबाल्ट, दोन असतील तर मॉव्ह. हिरव्यात याच क्रमाने फिका हिरवा, गडद हिरवा, ऑलिव्ह. कोबाल्ट × कोबाल्ट लावून सगळे कोबाल्ट मिळत नाहीत: पाव स्काय, निम्मे कोबाल्ट, पाव मॉव्ह. नुसते कोबाल्ट हवे असतील तर स्काय × मॉव्ह लावा. मॉव्ह कुणाला फारसा आवडत नाही, मला तो असल्या कामासाठी हवाच असतो. स्पँगलचंही (पंखांच्या पिसांवरच्या खुणा उलट्या झालेला प्रकार) मोजण्याचंच गणित. जनुकाच्या दोन मात्रा असलेला स्पँगल जवळजवळ पूर्ण पिवळा किंवा पांढरा होतो. त्याचे डोळे काळे असतात, लुटिनोचे लाल. फसगत टाळायला एवढं पुरे.

यात एक खोच आहे. डार्क आणि निळा यांची जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ आहेत, म्हणून बहुतेक वेळा जशी आली तशीच एकत्र पुढे जातात. ऑलिव्ह × स्काय यांचा गडद हिरवा मुलगा स्काय मादीला लावला तर पिल्लं मुख्यतः गडद हिरवी आणि स्काय. फिका हिरवा × मॉव्ह यांचा मुलगा दिसायला अगदी तसाच, पण त्याची पिल्लं मुख्यतः फिकी हिरवी आणि कोबाल्ट. आई-बापाचे रंग विचारतो ते यासाठी.

दोन गुण एकत्र असतील तर प्रत्येकाचा हिशोब वेगळा करून गुणाकार करायचा. हिरवा नर, निळा आणि लुटिनो दोन्हींचा स्प्लिट, मादी स्काय. मुलांत निम्मी हिरवी, निम्मी निळी, लुटिनो एकही नाही. मुलींत हिरवी, निळी, लुटिनो, अल्बिनो, प्रत्येकी पाव. म्हणजे कोणत्याही एका अंड्यातून अल्बिनो निघण्याची शक्यता ८ मध्ये १, आणि निघालीच तर ती मादी. मुलांपैकी कोण लुटिनोचा स्प्लिट हे दिसून कळत नाही, पुढची जोडी लावूनच कळतं.

हे सगळं खरं ठरतं ते बाप कोण हे पक्कं असेल तरच. मोठ्या पिंजऱ्यात कळप सोडला असेल तर कागदावरचा हिशोब सोडून द्या. मादी आधीच्या नराचं वीर्य काही दिवस अंगात साठवू शकते, म्हणून जोडी लावण्याआधी तिला काही आठवडे नरांपासून लांब ठेवा.

अल्बिनो मात्र सगळं झाकतो. नर अल्बिनोच्या आत काय आहे ते पाहायचं असेल तर साधी स्काय मादी लावा. मुली अल्बिनोच होतील, त्यांच्याकडे बघायचं नाही. मुलं बघा: त्यांत कोबाल्ट निघाला, तर डार्क फॅक्टर बापाकडून आलेला.