घरात एकाला नैराश्य आलं तर नवरा-बायकोने कसं निभवावं

आमच्याकडे रविवारी मंडईत जायचं काम नवऱ्याचं. घासाघीस करून भाजी आणायची आणि वांगी कितीला सोडवली ते मला दोनदा ऐकवायचं, हे त्याचं सुख. एका पावसाळ्यात पिशवी खुंटीवरच राहू लागली. मला आधी आळस वाटला, मग ऑफिसचा ताण वाटला, आणि खोटं कशाला बोलू, बाहेर काही भानगड असेल असंही वाटून गेलं. डॉक्टरकडे जायला आम्हाला चार महिने लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

पायरी १ : आधी डॉक्टर, निदान नंतर

आपल्याकडे ‘मला नैराश्य आलंय’ असं सहसा कुणी म्हणत नाही. झोप लागत नाही, डोकं जड आहे, पित्त झालंय, अंग गळून गेलंय, असं म्हणतात. पुरुषांमध्ये तर उदासीपेक्षा चिडचिडच जास्त दिसते. झोप, भूक, कामातला रस, एकाग्रता यांचं गणित दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं, तर थांबू नका.

‘तुला मानसोपचाराची गरज आहे’ हे वाक्य आमच्याकडे भांडणात बोललं गेलं आणि महिना फुकट गेला. त्याऐवजी त्याला ज्याचा त्रास होतोय तेच धरा : ‘तुझी झोप पार गेलीय, आपण दोघं जाऊन येऊ.’ फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्या बहुधा तिथेच होतात, कारण त्यांच्यातल्या बिघाडानेही माणूस असाच मलूल होतो. पुढे मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. पुष्कळदा दोन्ही लागतं. खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या ओपीडीची चौकशी करा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. नावाला घाबरू नका, तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, गेलं की दाखल करून घेतात असं नाही.

पायरी २ : औषधाचं वेळापत्रक दोघांनीही समजून घ्या

बहुतेक घरं इथेच हरतात. नैराश्याच्या गोळ्यांचा त्रास आधी होतो, गुण नंतर येतो. मळमळ, गुंगी किंवा बेचैनी पहिल्या आठवड्यातच सुरू होऊ शकते. फरक जाणवायला मात्र दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. मधल्या काळात घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘या गोळ्यांनीच तो असा झालाय.’ आमच्याकडे ते मीच म्हणाले होते.

बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त चालू ठेवावं लागतं. ते थांबवायचं कधी आणि कसं, हे डॉक्टर ठरवतात, एकदम बंद करायचं नसतं. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही.

अवघड विषय : काही औषधांनी शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, आजारानेही होते. अंथरुणात पाठ फिरवली म्हणजे प्रेम आटलं, असा निष्कर्ष काढू नका. डॉक्टरांना सांगितलं तर ते डोस किंवा गोळी बदलून पाहू शकतात. उलट, माणूस एकाएकी फार उत्साही झाला, तीन तास झोपून ताजातवाना वाटू लागला, पैसे उधळू लागला, तर लगेच कळवा. मग आजार वेगळा असू शकतो आणि औषधही बदलावं लागतं.

पायरी ३ : समजावणं बंद करा

‘काय कमी आहे तुला?’ ‘मनाला लावून घेऊ नकोस.’ ‘लोकांकडे बघ जरा.’ आपण ही वाक्यं मायेनेच बोलतो, पण ऐकणाऱ्याला ती आरोपासारखी लागतात. जिल हूली आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली नैराश्याच्या विवाहित रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो असं तुम्हाला वाटतं?’ या प्रश्नाला रुग्णांनी एक ते दहामध्ये दिलेल्या आकड्यावरून पुढच्या नऊ महिन्यांत आजार कुणाचा उलटेल याचा सगळ्यात चांगला अंदाज आला. प्रश्न ‘किती टीका होते’ असा नव्हता, ‘किती वाटते’ असा होता. माझी टीका सहसा शब्दांत नसायचीच. मी भांडी जरा जोरात ठेवायचे.

मग बोलायचं काय? थोडंच. ‘आज फार जड जातंय का?’ एवढं विचारून शेजारी बसा. ‘मी ओझं झालोय ना?’ हा प्रश्न दिवसातून दहादा आला, तर एकदा मनापासून ‘नाही’ म्हणा. पुढच्या नऊ वेळा वाद घालू नका, चहा टाका.

पायरी ४ : आधी हालचाल, मग मन

‘बरं वाटलं की फिरायला जाऊ’ हा क्रम उलटा आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘संगत’ या संस्थेने यावर काम केलं. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत रोजच्या छोट्या कृती पुन्हा सुरू करायला मदत केली. नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळालेल्यांना जास्त गुण आला. ते निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

घरी हे असं जमतं : दिवसाला एकच काम, तेही हास्यास्पद वाटेल इतकं लहान. अंघोळ. कुंड्यांना पाणी. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येणं, पहिले काही दिवस तुम्हीही बरोबर. झालं की कॅलेंडरवर टिंब करा. नाही झालं तर काही बोलू नका. मी उत्साहाच्या भरात त्याला महाबळेश्वरला नेलं आणि तीन दिवस हॉटेलच्या खोलीचं छत बघून आम्ही परत आलो.

पायरी ५ : नातेवाईक आणि मोठे निर्णय

घरच्यांना सांगायचं वाक्य दोघांनी मिळून ठरवा. आमचं होतं : ‘त्याला नैराश्याचा आजार आहे, औषध चालू आहे, वेळ लागेल.’ सासूबाईंनी अंगारा आणला. मी लावू दिला. गोळी चुकत नसेल तर अंगाऱ्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

राजीनामा, घर विकणं, घटस्फोट यांतलं काहीही या काळात ठरवू नका.

पायरी ६ : मरणाची भाषा आली तर

‘जगावंसं वाटत नाही, असं काही मनात येतंय का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका, कीटकनाशक आणि गोळ्यांचा साठा घराबाहेर हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका : २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतं.

पायरी ७ : तुमचं काय?

तुम्हाला राग येणार. ‘मीच का?’ असंही वाटणार. आठवड्यातली एक संध्याकाळ स्वतःसाठी ठेवा, एका मैत्रिणीला खरं काय ते सांगा, झोप उडाली तर स्वतःही डॉक्टरकडे जा. आणि एक गोष्ट स्पष्टच : मारहाण हे आजाराचं लक्षण म्हणून सोसायचं नाही. तिथे आधी सुरक्षित जागी जायचं.

पायरी ८ : परतीच्या खुणा लिहून ठेवा

हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. म्हणून नवरा सावरल्यावर आम्ही दोघांनी धोक्याच्या खुणा एका कागदावर लिहिल्या आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पहिली ओळ माझी : ‘सलग दोन रविवार पिशवी खुंटीवर.’ दुसरी त्याची : ‘हिने भांडी जोरात ठेवायला सुरुवात केली.’