ईएसपीवरचा रिले मधूनच दगा देतोय? आधी पॉवर बघा
रिले, म्हणजे ईएसपी या छोट्या वायफाय बोर्डाच्या इशाऱ्यावर दिवा चालू-बंद करणारा स्विच, कधी ऑन होतो कधी नाही, किंवा टक झालं की बोर्डच रिस्टार्ट होतो, असं असेल तर लगेच कोडमध्ये डोकं घालू नका. ५ व्होल्टच्या त्या निळ्या रिलेची एक कॉईल साधारण ७०-८० मिलीअँपिअर खाते, चार चॅनल, म्हणजे चार रिले, एकदम ऑन झाले की ३०० च्या आसपास, वर ईएसपीचं वायफाय मधूनमधून करंट ओढतं ते वेगळंच, मग ड्रॉवरमधला जुना मोबाईल चार्जर आणि ती बारीक यूएसबी वायर पुरणार कुठून! २ अँपिअरचा बरा अ‍ॅडाप्टर घ्या आणि रिलेचे ५ व्होल्ट बोर्डच्या पिनमधून न घेता थेट अ‍ॅडाप्टरवरून द्या.

ऑन होतो पण ऑफच होत नाही? मग बहुतेक ३.३ व्होल्टचा घोळ, ईएसपीची पिन ३.३ च देते आणि रिलेचं मॉड्यूल ५ वर चालतं. ऑप्टोकपलरवाल्या (सिग्नल प्रकाशातून पुढे देणारा भाग असलेल्या) मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसी (रिले कॉईलची पॉवर) आणि व्हीसीसी (सिग्नलच्या बाजूची पॉवर) जोडणारा छोटा जंपर असतो, तो काढून जेडी-व्हीसीसीला ५ आणि व्हीसीसीला ३.३ द्यायचे. ईएसपी८२६६ असेल तर जीपीआयओ ०, २, १५ या पिना रिलेला लावूच नका, बूट होताना नाटकं करतात.

आणि टक आवाज येऊनही दिवा बंद होत नसेल तर आतले कॉन्टॅक्ट चिकटलेत, रिलेच बदला. हात घालायच्या आधी मेन स्विच बंद, टेस्टरने चेक करूनच.